आमची ऐतिहासिक मोरी

सोमवार, ता. ४

आज आले ते असे:

सिमेंट, सहा गोण्या – २१६०. एक गोणी ओली निघाली, ती परत पाठवली. गाडीवाला म्हणाला, "दव पडलं असेल." दव काय गोणीच्या आत शिरून पडते?

वाळू, अर्धी गाडी – १४००. चाळली तर त्यात चमचा सापडला. आपला नाही.

खडबडीत फरशा, चार खोकी – ३८४०. गुळगुळीत स्वस्त होत्या, पण त्याच घालायच्या तर हा उद्योग कशाला?

पाइप, कोपरे, नळ दोन – १९७५. पितळेच्या नळाचा भाव विचारला. दुकानदाराने सोन्याचा सांगितला.

हमाली – २००. मागितले होते ३००. हमालांना चहा घरचाच, तो धरलेला नाही.

हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरी राहतात, ती फुकट का घालवा, म्हणून हे काम संपेपर्यंत रोजचे काय ते इथेच लिहीन. कारणही लिहून ठेवते.

सासूबाई मोरीत घसरून पडल्या. आमच्या मोरीचा उंबरा वीतभर उंच, आणि आतला दगड शंभरएक वर्षांच्या पाण्याने आरशासारखा झालेला. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन देवाच्या कृपेने नीट झाले आणि इस्पितळातून नणंदबाईंनी त्यांना परस्पर आपल्या गावी नेले. डॉक्टरांनी सांगितले, उंबरा ओलांडायचा नाही, ओल्या दगडावर पाऊल ठेवायचे नाही. नणंदबाई मला म्हणाल्या, "वहिनी, मोरी नीट होईस्तोवर आई तिकडे येणार नाही. आणि झालीच नाही तर कायमची माझ्याकडे राहील. आमच्या बाथरूमला गरम पाण्याचा नळ आहे."

म्हणून काम काढले. बाकी घरात सध्या शांतता आहे. चहात साखर मोजून घातलीस का गं, असे कोणी विचारत नाही. बरे वाटते. आज चुकून तीन कप चहा टाकला गेला. वाया जाऊ नये म्हणून जास्तीचा मीच प्यायले आणि दुपारभर पित्ताने बेजार झाले.

बुधवार, ता. ६

गवंडी आला. बोलायला गोड आहे.

"किती दिवस लागतील?"

"होऊन जाईल, वहिनी."

"उंबरा काढून जमीन सपाट करायची आहे."

"होऊन जाईल."

"आणि ठरल्यापेक्षा पैसे जास्त होणार नाहीत ना?"

यावर मात्र तो म्हणाला, "बघू."

त्याने पहिला घाव घातला आणि हे माडीवरून धावत आले. (वाचनालयाच्या नोकरीतून हे निवृत्त झाले, ते लगेच घराच्या इतिहासात नोकरीला लागले.) आमच्या दारावर एक पाटी आहे की, थोर वक्ते या वास्तूत काही काळ राहत होते. घरात आम्ही त्यांना नुसते 'वक्ते' म्हणतो, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावे तसे. वक्ते म्हणे भाषणाची तालीम आमच्या मोरीत करत, कारण तिथे आवाज घुमतो. खिडकीखाली गर्दी जमे आणि सभेचे भाषण लोक आदल्या दिवशीच फुकटात ऐकून घेत. हे सगळ्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात आणि आत उभे करून ओरडायला लावतात. एकदा एक प्राध्यापक उंबऱ्याशी उभे राहून "बंधूंनो!" म्हणून गरजले. आत सासूबाई धुणे धूत होत्या. त्यांनी "ओ" दिली.

"सांभाळून हो," हे गवंड्याला म्हणाले, "याच दगडावर वक्ते उभे राहत."

"आंघोळ बसून नव्हते का करत?"

"त्याची नोंद नाही," हे म्हणाले.

मग ह्यांनी खडू आणून सगळ्या दगडांवर आकडे घातले, कुठला दगड कुठे होता ते कळावे म्हणून. सात दोनदा झाला. दोन्ही सातांवरून दुपारपर्यंत वाद चालला. गवंड्याची मजुरी चालूच होती.

शुक्रवार, ता. ८

धूळ. देवावर, दिव्यात, भातात.

नणंदबाईंचा फोन आला. म्हटले, आईंना द्या. तर म्हणाल्या, "आईला फोनवर ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुम्हाला? काय ते मला सांगा, मी सांगते." निरोप गाळून देण्यात नणंदबाईंचा हात कोणी धरणार नाही. मी म्हटले, "सांगा, तुमच्या सपाता सापडल्या म्हणावं. पलंगाखाली होत्या."

हा काय निरोप झाला! पण दुसरे काही सुचले नाही.

मंगळवार, ता. १२

काम बंद.

जुन्या वास्तूंच्या कार्यालयाची नोटीस आली. विषय: ऐतिहासिक स्नानगृहाच्या अनधिकृत मोडतोडीबाबत. मी तीनदा वाचली. आमच्या घरात काही मोडतोड चालू आहे हे त्या कार्यालयाला समजले कसे, हेच मला उमजेना. शेजारीपाजारी कोणी असे करणार नाही. माझी दोघातिघांना मनातल्या मनात नावे ठेवून झाली, आणि मग हे हळूच म्हणाले, "मीच कळवलं होतं."

पत्राची नक्कल ह्यांनी जपून ठेवली आहे. इथे उतरवते. "कळविण्यास आनंद होतो की, वक्त्यांच्या ध्वनिसाधनेने पावन झालेल्या आमच्या वास्तूतील स्नानगृहाच्या जीर्णोद्धारास प्रारंभ होत आहे. तरी आपण उपस्थित राहून शोभा वाढवावी."

वाढली शोभा.

"अहो, आपलीच मोरी, आपलाच खड्डा, आणि आमंत्रण सरकारला?"

"एवढं मोठं काम. कळवायला नको?"

"मोठं कसलं? मोरीचं काम आहे."

"स्नानगृह म्हण," हे म्हणाले. "निदान कागदोपत्री."

गवंड्याला नोटीस दाखवली. त्याने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. "होऊन जाईल," म्हणाला, आणि थापी धुऊन दुसऱ्या कामावर गेला. गुडघाभर खड्डा आहे तसा उघडा. एक साहेब येऊन पाहणार आणि ठरवणार. साहेब कधी येणार? सवडीने, असे नोटिशीत लिहिले आहे.

शुक्रवार, ता. १५

आंघोळीला शेजारच्या शिंपीणकाकूंकडे जातो. बाई मनाने मोठी. फक्त आपण आत असताना बाहेरून बोलत राहते, आणि उत्तर दिले नाही तर दार वाजवते. "अहो वहिनी, बरं आहे ना? आजकाल काय भरवसा!"

हे तर रोज खांद्यावर पंचा आणि हातात बादली घेऊन भर रस्त्याने जातात. मी म्हटले, जरा लवकर जात जा, रहदारी नसते तेव्हा. तर म्हणाले, लाज वाटण्यासारखं आपण काय केलं आहे? काल एका वाटसरूने विचारले, "पाणी गेलंय का?" ह्यांनी बादली खाली ठेवली आणि त्याला वक्त्यांपासून सांगायला घेतले. शिंपीणकाकूंचे तापवलेले पाणी निवून गेले. त्यांनी परत तापवले, आणि ते मला ऐकवले.

नणंदबाईंचा फोन. आईंची शाल, गरम कपडे, दुसरा चष्मा आणि पोथी पाठवून द्या म्हणाल्या. "आई आता इथंच राहणार असं धरून चाला, वहिनी. तुमच्याकडचं काही खरं दिसत नाही. इथल्या डॉक्टरकडे नावसुद्धा घातलं तिचं."

"आई काय म्हणतात?" मी विचारले.

"आई काय म्हणणार? तिला काय, कुठंही देवाचं नाव घ्यायला मिळालं की झालं."

इतक्या वर्षांत सासूबाईंना 'कुठंही' चाललेले मी पाहिले नाही. उशी भिंतीपासून बोटभर सरकली तरी त्यांना झोप येत नाही. पण लेकीला जास्त माहीत असेल. मी कोण बोलणार?

शाल आणि कपडे बांधले. मग लक्षात आले, टपालखर्च वजनावर असतो, नीट चौकशी करून पाठवलेले बरे. गठ्ठा परत सोडला. चष्मा टपालात फुटतो. पोथी तर मी मुळीच पाठवणार नाही, टपालात पोथीला लोकांचे पाय लागतात. तोवर बंद राहू नये म्हणून संध्याकाळी तिच्यातली चार पाने मोठ्याने वाचली. कोणी मध्येच थांबवून चूक काढली नाही. दोन जागी चुकले असे मलाच वाटले, मग मीच मागे जाऊन परत वाचले.

मंगळवार, ता. १९

आज साहेब आले. झाले ते सगळे लिहिते, कारण मला अजून नीटसे कळलेले नाही.

साहेब मध्यम वयाचे, बगलेत फाइल, हातात छत्री. चहा नको म्हणाले, मग घेतला, मग अर्धा कप आणखी घेतला. हे नवा सदरा घालून भाषणाच्या तयारीत बसले होते. मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितले होते, "एक अक्षर बोलू नका. तुम्ही बोललात म्हणून हे झालं." त्यामुळे हे नुसते खाकरत होते.

साहेबांनी फाइल उघडून वाचले, "दर्शनी दरवाजा, दगडी जिना, गच्चीचा कठडा आणि स्नानगृह. या चार गोष्टींना हात लावायचा नाही."

"आणि बाकीच्यांना?" मी विचारले.

"बाकी नेहमीच्या दुरुस्तीला हरकत नाही. स्वयंपाकघर, कोठी, मोरी, गटार, वगैरे. नियमातच आहे तसं."

मी देवाचे नाव घेतले आणि म्हटले, "साहेब, ही आमची मोरीच आहे."

"पण हे पत्र तर स्नानगृह म्हणतंय."

"पत्र ह्यांनी लिहिलं. मोरी मी घासते."

साहेब हसले. म्हणाले, "शब्द वेगळा, बाई. खोली तीच ना? फरक काय?"

"फरक नाही कसा? स्नानगृहात माणूस स्नान करतो. मोरीत आंघोळ उरकतो. इथं धुणं होतं, मोठी भांडी विसळतात, बाहेरून आलं की पाय धुतात, ओल्या छत्र्या गळत ठेवतात. मी लग्न होऊन आले, मॅट्रिक झालेली, जरा तोरा होता. बाथरूम कुठं आहे, असं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बाथरूम तुझ्या पुस्तकात. आमच्याकडं मोरी.' त्या दिवसापासून या घरात दुसरा शब्द कोणी काढलेला नाही. वाटल्यास शिंपीणकाकूंना विचारा."

"आमची आईपण मोरीच म्हणायची," साहेब म्हणाले, आणि क्षणभर फाइलकडे न बघता कपाकडे बघत बसले. मला वाटले, जिंकलो. पण माणूस शेवटी कार्यालयाचा. म्हणाले, "ठीक आहे. ही मोरी. मग आता स्नानगृह दाखवा."

"ते कुठलं?"

"फाइलमध्ये आहे म्हणजे घरात असायलाच हवं. चारपैकी तीन गोष्टी तपासल्या असं मला लिहिता येत नाही."

आता आली का पंचाईत! जिन्याखालची कोठी दाखवावी असे एकदा मनात आले. लगेच मनातल्या मनात गालावर मारून घेतले. खोटे बोलून बांधलेल्या मोरीत सासूबाईंना आंघोळ घालू?

तेवढ्यात साहेब स्वतःच आत शिरले. खड्ड्याच्या कडेला एका फळीवर उभे राहून "नमस्कार" म्हणाले. भिंतींनी नमस्कार परत केला. "वा!" म्हणाले. भिंतीही "वा" म्हणाल्या. मग ते बाहेर येईनात. आम्ही दाराशी उभे. आतून साहेबांचा भरदार आवाज यायला लागला, "माझ्या बढतीचा प्रश्न गेली कित्येक वर्षं कार्यालयाकडे प्रलंबित आहे! माझ्यामागून आलेले लोक पुढे गेले! मी विचारतो, का?"

गवंडी आपली राहिलेली कुदळ न्यायला आला होता. तो बाहेरून म्हणाला, "होऊन जाईल, साहेब."

साहेब बाहेर आले ते वेगळेच होऊन. डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, "बाई, तुम्ही मोरी म्हणा, काही म्हणा. हा आवाज! वक्ते इथंच बोलत असणार, मला शंका राहिली नाही. ही जागा जशी आहे तशी ठेवली पाहिजे. दगड होते तिथं परत बसवा, उंबऱ्यासकट. बाकीचं काम कायमचं बंद. मी तसंच लिहितो."

माझ्या मनात एवढेच आले की, सपाता पाठवून द्याव्या लागतील.

इतकी वर्षे ह्यांना हेच कोणीतरी म्हणावे अशी इच्छा होती. सरकारच्या माणसाने, डोळ्यांत पाणी आणून, शंका राहिली नाही असे म्हणावे. मला वाटले, आता हे तासभर बोलणार. हे उठले. आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "साहेब, सगळ्याच मोऱ्या घुमतात."

"म्हणजे?"

"रिकामी, दगडी, चार भिंतींची. कुठलीही घुमते. वक्त्यांच्या वेळी ही नव्हतीच. माझ्या आजोबांनी बांधून घेतली. वक्ते मागच्या अंगणात विहिरीवर आंघोळ करत. स्नानगृह म्हणायचं तर ते. विहीर पुढे बुजली."

"आणि ती तालमीची गोष्ट?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "गोष्ट आहे. मी ती जरा वाढवून सांगत आलो."

"तसं लिहून देता?"

"देतो."

आणि ह्यांनी लिहून दिले. ह्यांचे अक्षर एरवी छापल्यासारखे, आज जरा तिरके गेले. साहेब मागच्या अंगणात जाऊन बुजलेली विहीर बघून आले, चौथ्या गोष्टीपुढे खूण केली आणि मोरीला परवानगी देऊन गेले. जाताना मात्र दोनदा मागे वळून मोरीकडे पाहिले.

आजोबांनी मोरी बांधली, असे मी या घरात कधी ऐकले नव्हते. बांधली नाही, असेही कोणी म्हटले नव्हते. ह्यांना विचारायला गेले, तर हे ओल्या फडक्याने दगडांवरचे आकडे पुसत बसले होते, एकेक करून. मी म्हटले, "राहू द्या हो, खडूच तो, आपोआप जाईल." हे पुढच्या दगडाकडे वळले. मग मी विचारले नाही.

संध्याकाळी दिवा लावताना ह्यांच्या वाटणीची क्षमा मागून ठेवली. लागली तर असावी. हे जेवलेही नाहीत, अंगणात विहिरीच्या जागेवर बसून होते. बहुतेक उन्हाने पित्त झाले असावे. उद्या आल्याचा रस देईन.

शनिवार, ता. २३

गवंडी परत आला आणि दोन दिवसांत फरशी बसवून मोकळा झाला. मला आनंदच झाला होता. बादलीभर पाणी ओतून पाहिले. पाणी क्षणभर थबकले, जणू विचार केला, आणि सरळ दाराकडे निघाले. दारातून ओटीवर, ओटीवरून स्वयंपाकघरात. उंबरा काढलेला, अडवणार कोण?

"अरे, ढाळ उलटा काढलास तू!"

गवंडी पाण्याकडे कौतुकाने बघत होता. "काय चाललंय बघा पाणी, वहिनी. कुठं अडत नाही."

"अडत नाही ते खरं, पण जातंय कुठं?"

"पाणी ते. जाईल कुठंतरी."

"कुठंतरी नको, भोकात जायला पाहिजे! देवापुढं गेलं ते."

"मग देवाच्या पायाशीच गेलं ना," तो म्हणाला. या माणसाला रागवावे तरी कसे?

बोलता बोलता मीच त्याच्याशी घासाघीस केली. परत उखडायची मजुरी देणार नाही, सिमेंट मात्र माझे. तो म्हणाला, "होऊन जाईल." फरशा शाबूत निघाल्या, तीन सोडून.

ह्यांनी या सगळ्यात एकदाही वक्त्यांचे नाव काढले नाही. शिंपीणकाकूंचे पाहुणे मोरी बघायला आले होते, वाढीव गोष्ट ऐकून. हे त्यांना म्हणाले, "काही नाही हो, नेहमीचीच मोरी आहे. आई यायची आहे, तिच्यासाठी नीट करतोय." पाहुण्यांचा हिरमोड झाला. त्यातल्या एकाने तरीही आत जाऊन "बंधूंनो" म्हणून पाहिले. फरशीमुळे आवाज जरा बसला आहे, पण घुमतो.

बुधवार, ता. २७

ढाळ सुलट झाला. पाणी ओतले की भोकात जाते. चार वेळा ओतून पाहिले. नंतर पाणी वाया जाते म्हणून थांबले.

नणंदबाईंना कळवले, झाले म्हणून. त्या मग म्हणाल्या, "वहिनी, स्पष्ट सांगू का? आईच म्हणते, राहते इथंच. म्हणते, माझ्यामुळं सुनेला आयुष्यभर त्रास. आता कुठं ती सुटली असेल, तिला सुखानं राहू दे."

"कोण सुटलं?" मी म्हटले. माझा आवाज इतका मोठा झाला की हे माडीवरून खाली आले.

फोन ठेवला. अंगाचा तिळपापड झाला. मोरी उकरली, शेजारी आंघोळीला गेले, साहेबाशी बोलले, पाणी देवापर्यंत गेले, आणि मी सुटले म्हणे! निरोप गाळून सांगायची नणंदबाईंची सवय आहे, आणि नेमका हा तेवढा न गाळता सांगितला. की हाच त्यांनी भर घालून सांगितला? यापुढे निरोप बंद. सासूबाईंना ऐकू कमी येते, पण वाचता येते. थोरल्या अक्षरात पत्रच लिहिते. पत्राची नक्कल ठेवावी, म्हणून आधी इथे लिहून मग कागदावर उतरवीन.

ती. आईंना नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. मोरी झाली. उंबरा काढला. फरशी खडबडीत आहे, पायाला जरा टोचेल, तेव्हा आल्यावर कुरकुर करणार हे मी आत्ताच धरून ठेवले आहे. बसायला पाठीचा चौरंग केला. गरम पाण्याचा नळ परवडला नाही. पाणी मी तापवून देईन, नेहमीसारखे, आणि तुम्ही नेहमीसारखे फार गरम म्हणालच.

तुमच्या मुलाने मोरीसाठी साहेबापुढे काय लिहून दिले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. तुम्ही आल्यावर त्याला विचारू नका, पण त्याच्याशी चार शब्द बोला. आल्याच्या रसाने गुण येत नाही.

मी सुटले असे तुम्ही म्हणालात, असे कळले. मॅट्रिकच्या परीक्षेतसुद्धा मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता, तेव्हा उत्तर लिहीत नाही. पोथीत दोन जागी माझे अडते आहे. चौथ्या पानावर, वरून सहावी ओळ, आणि पुढच्या पानावर अगदी शेवटी. शब्द तोडायचा कुठे ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. ह्यांना विचारले तर हे इतिहास सांगतात.

आता मुख्य काम. भिंतीला धरून उठायला लोखंडी दांडी बसवायची राहिली आहे. गवंडी विचारतो, उंची किती? ह्यांनी एक सांगितली, गवंड्याने दुसरी. मला विचारले, म्हातारी उठताना कुठं धरते? मी म्हटले, माझ्या खांद्याला. मग त्याने मला भिंतीशी उभी करून खांद्याची खूण केली. पण ती खूण बरोबर नाही. तुम्ही धरता तेव्हा मी थोडी वाकते, ते किती वाकते ते मला तुमच्याशिवाय उभे राहून सांगता येईना. सवयीने होते ते, मोजून नाही. तीनदा वाकून दाखवले, तिन्ही वेळा वेगळे आले. भिंत दगडी आहे, एकदा भोक पाडले की बुजत नाही. तेव्हा काम थांबवून ठेवले आहे.

गवंडी रोज येऊन चहा पिऊन जातो आणि होऊन जाईल म्हणतो. तुम्ही स्वतः येऊन भिंतीवर हात टेकवून दाखवल्याशिवाय होणार नाही. शाल आणि कपडे पाठवलेले नाहीत, कारण तुम्हाला इथे लागतील. नणंदबाईंना म्हणावे, राग नसावा.

पत्राला उशीर करू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने येता, ते उलट टपाली कळवावे. हे स्टेशनावर येतील. मीही येईन, खांदा लागेल.